टेगिडमामांचं तिसरं कडवं

टेगिडमामांचं नाताळचं गाणं, त्यांचं कॅरल, तुम्ही चोरलंत. गेल्या जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, कूम हेलिगच्या चर्चमध्ये, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला, दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत. तुम्ही तिथे नव्हता हे मला माहीत आहे. तुम्ही कुठेच नसता. चोरी आमच्या खोऱ्यात होते आणि चोर तीन तासांच्या अंतरावर, काचेच्या इमारतीत, 'वारसा' असं दोन भाषांत लिहिलेल्या दारामागे बसून बिस्किटं खात असतो.

मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं की पत्र मिळालं. दुसऱ्याचं आलं की पहिल्याचं उत्तर दिलेलं आहे. तिसऱ्याचं उत्तर म्हणून आमंत्रण आलं. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुम्हाला राग आला तर येऊ दे. निदान काहीतरी येईल तुमच्याकडून.

माझं नाव इनिर. मी दुधाचा टँकर चालवतो. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, संगीत शिकलेलो नाही, स्वरलिपी वाचता येत नाही. आमच्या बँडचं नाव काउल ओइर, म्हणजे थंड रस्सा. काल रात्रीचा मटणाचा रस्सा सकाळी पातेल्यात कसा दिसतो, वर चरबीची साय आणि खाली सगळा ऐवज, तसं आमचं संगीत आहे असं मॅबली म्हणते. मॅबली माझी मामेबहीण, टेगिडमामांची मुलगी. ती गाते. ब्रखान मेंढ्यांच्या पत्र्याच्या गव्हाणीवर ताल धरतो आणि लिलावात उचललेला रिळांचा जुना टेपरेकॉर्डर चालवतो. मी पायपेटी वाजवतो. आमच्या चॅपलने ती फेकून दिली होती, भाता फाटला म्हणून. भाता अजून फाटकाच आहे. त्यातून सुराबरोबर जो श्वास ऐकू येतो तो मला सुरापेक्षा आवडतो.

आम्ही काय करतो ते इथे लिहून ठेवतो, कारण तुमच्या कागदांत ते दर वर्षी नव्या प्रकारे चुकीचं छापलेलं असतं. आम्ही आमच्या भागातली जुनी तीन आवाजांची गाणी घेतो आणि इतकी संथ करतो की शब्दांचे सांधे निखळतात. खाली दूध ओढणाऱ्या पंपाची घरघर सोडतो. मग ऐकणाऱ्याला झोप येणार एवढ्यात ब्रखान गव्हाणीवर नाचाचा ठेका धरतो आणि मॅबली असं काही धृपद उचलते की गावातल्या पोरी ट्रॅक्टरवर बसून ते आठवडाभर गुणगुणतात. सगळं आमच्या भाषेत, एकही इंग्रजी शब्द नाही. हार्प नाही. शाली आणि उंच काळ्या टोप्या तर नाहीतच. त्या तुमच्या पोस्टरांवर पुरेशा आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही तुमच्याकडे अनुदानासाठी अर्ज केला. तुम्ही लिहिलंत, 'परंपरेशी असलेलं नातं अस्पष्ट.' दुसऱ्या वर्षी आम्ही गव्हाण बाजूला ठेवली आणि मॅबली साधी, सरळ गायली. तुम्ही लिहिलंत, 'आधुनिक दृष्टीचा अभाव.' ही दोन्ही पत्रं ब्रखानने, आम्ही वाजवतो त्या मेंढ्यांच्या शेडच्या संडासात चिकटवली आहेत, समोरासमोर, म्हणजे बसलेल्या माणसाला एकावरून दुसऱ्याकडे बघता येतं. तिसऱ्या वर्षी बर्लिनच्या कुठल्या तरी रेडिओने आमचं एक गाणं सात दिवस लावलं, आणि आठव्या दिवशी तुमचा माणूस आमच्या शेडच्या दारात उभा! हिरव्या काड्यांचा चष्मा, पांढरे बूट. बुटांचं काय झालं ते सांगत नाही. तो डोळे मिटून भिंतीला हात लावून म्हणाला, "इथे मातीचा गंध आहे."

ब्रखान म्हणाला, "माती नाही साहेब. मेंढ्या मुततात तिथे."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

त्याला नवी रेकॉर्ड हवी होती, आणि तीत 'एखाद्या कुटुंबाने जपलेलं दुर्मीळ प्लगाइन कॅरल' हवं होतं. तुमच्या योजनेत तसा एक रकाना होता, तो भरायचा राहिला होता.

आता प्लगाइन म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगावं लागावं, ही शरम तुमची. पगार त्याचाच घेता ना? नाताळापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आमच्या खोऱ्यातल्या चर्चांतून संध्याकाळी माणसं जमतात. पाद्री प्रार्थना म्हणतो, 'प्लगाइन आता खुलं आहे' एवढं सांगतो आणि बसतो. पुढे कोणी नाव पुकारत नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, टाळ्या नाहीत. ज्यांना गायचं ते आपापल्या बाकावरून उठून पुढे जातात, दोघं, तिघं, कधी अख्खं घर. नादकाटा गुडघ्यावर मारतात, सूर घेतात, वाद्याशिवाय गातात, परत येऊन बसतात. एक फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी. नियम एकच. एकदा गायलं गेलेलं कॅरल त्या संध्याकाळी पुन्हा गायचं नाही. त्यामुळे प्रत्येक घर आपलं कॅरल सांभाळतं आणि शेजाऱ्याच्या कॅरलला हात लावत नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. लिहिण्याची गरज तुमच्यासारखे लोक येईपर्यंत पडली नव्हती.

टेगिडमामांचं कॅरल त्यांच्या आजोबांच्या हाताने लिहिलेल्या वहीतलं. वरचा आवाज मामांचा, मधला शेजारच्या इडवलच्या भावाचा, खालचा इडवलचा. एक्केचाळीस वर्षं तेच तिघं. आम्ही ते मागायला मामांच्या स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा मामी चुलीशी होत्या आणि मामा मोजे वाळत टाकत होते.

"मामा, तुमचं कॅरल आम्हाला पाहिजे," मी म्हणालो.

"कशाला?"

"रेकॉर्डमध्ये घालायचंय."

"त्या पत्र्यावर बडवणार?"

"थोडं."

"मागचं गाणं ऐकलं मी तुमचं. तारेत अडकलेली मेंढी बरी."

"बाबा, ती मेंढी म्हणजे मी," मॅबली म्हणाली.

"ओळखलं की. अगदी आईचा आवाज."

मामींनी मागे न बघता ओलं फडकं फेकलं. ते बरोबर मामांच्या कानावर बसलं. मामांनी ते तसंच खांद्यावर राहू दिलं आणि उरलेले मोजे वाळत टाकले. मग म्हणाले, "घ्या. जगात कुठेही गा. बर्लिनला गा, चंद्रावर जाऊन गा, हवं तेवढं बडवा. फक्त प्लगाइनला नाही. आणि मी आहे तोवर दुसऱ्या कोणाला शिकवायचं नाही. हे त्या तुझ्या चष्मेवाल्याला लिहून दे."

"देतो."

"लिहूनच दे, इनिर. तोंडी सांगितलेलं शहरात ऐकू जात नाही."

आम्ही ते शेडमध्ये रेकॉर्ड केलं. मामा आणि इडवल आणि इडवलचा भाऊ कोट घालून आले, टोप्या काढून गायले, चहा पिऊन गेले. मग आम्ही त्या टेपवर आमचं काम सुरू केलं. तिसऱ्या कडव्यात एक गोष्ट झाली. तिथे वरचा आवाज उंच जाऊन थांबतो आणि सरळ खाली उतरतो, जसा माणूस जिना उतरतो. आमच्या रेकॉर्डरने तिथे रीळ ओढलं. सूर अर्धी पायरी घसरला, अडखळला, पुन्हा वर आला, आणि लयीत अर्धी मात्रा जास्तीची घुसली. मी म्हणालो, खराब झालं, परत बोलवू तिघांना. ब्रखानने ते दहा वेळा ऐकलं. म्हणाला, "हात लावू नकोस. हे लंगडतंय ते बघ कसं सुंदर लंगडतंय." मॅबलीने त्या लंगडण्याबरोबर आपला आवाज जुळवला, मी पेटी जुळवली, आणि लोकांना आमच्या रेकॉर्डमधली तीच जागा सगळ्यात जास्त आवडली. ती यंत्राची चूक होती आणि आमची हौस. तिच्यात परंपरा शोधाल तर गव्हाणीत देव शोधल्यासारखं होईल.

मग तुमचा फॉर्म. 'रचना कोणाची?' याखाली दोनच चौकोन. एक, 'ज्ञात संगीतकार'. दुसरा, 'परंपरागत'. एखादं गाणं एका घराचं असू शकतं, ते घर जिवंत असू शकतं, चहात तीन चमचे साखर घालत असू शकतं, याला तुमच्याकडे चौकोन नाही. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि शेजारी समासात पेनाने लिहिलं, 'टेगिडमामांच्या अटीसह, पत्र जोडलं आहे.' पत्र जोडलं. त्यात दोन वाक्यं होती, लहान मुलाला कळतील अशी. आठवड्याने फोन केला. तुमची बाई गोड आवाजात म्हणाली, "हो हो, नोंद घेतलीय." मी विश्वास ठेवला. फॉर्मवर सही माझी आहे, हे मी नाकारत नाही. मूर्खपणा माझा. पण मूर्खाला फसवलं म्हणून फसवणूक माफ होत नसते.

नोव्हेंबरमध्ये मामांचा घसा बसला तो उठेना. तपासण्या झाल्या. स्वरयंत्रात गाठ. काढावंच लागणार होतं, सगळं. डॉक्टरीणबाई केरळच्या. त्यांनी पहिली तारीख दिली ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली. मी मामांना गाडीतून घेऊन गेलो होतो, म्हणून त्या खोलीत होतो.

मामा म्हणाले, "दुसऱ्या रविवारनंतर करता येईल का?"

"का बरं?"

"गायचंय."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग मामांकडे. "किती वेळ गायचंय?"

"सहा मिनिटं. पाच कडवी आहेत."

"त्याआधी घसा जपायचा. बोलायचं कमी, आणि मेंढ्यांवर ओरडायचं अजिबात नाही," बाई म्हणाल्या आणि तारीख त्या रविवारनंतरच्या गुरुवारवर ढकलली. त्यांना प्लगाइन हा शब्द माहीत नव्हता. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं ते तुम्हाला पत्र जोडून, फोन करून, समासात लिहून कळलं नाही.

तर मामांनी दीड महिना कुत्र्याला शीळ घालून आणि आम्हाला भुवयांनी काम सांगितलं. साठवत होते. घरात सगळ्यांना माहीत होतं कशासाठी. त्या चर्चमध्ये, त्या दोघांबरोबर, ती पाच कडवी एकदा. एवढंच मागत होता तो माणूस.

रविवारी चर्च भरलं. मी, मॅबली आणि ब्रखान मागे बसलो. आम्ही काउल ओइर म्हणून प्लगाइनला गात नाही, तिथे आमची लायकी नाही हे आम्हाला कळतं. पुढच्या डाव्या बाकांवर एक पाहुणा गायकवृंद होता, चाळीस किलोमीटरवरच्या गावातून आलेला. चोवीस माणसं, सगळ्यांच्या गळ्यात जांभळे मफलर, मांडीवर फायली. त्यांची प्रमुख टिरियन, शाळेत शिकवते. बाई चांगली आहे. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पाद्री बसला. एका शेतकऱ्याचं घर गाऊन आलं. दोघी बहिणी गाऊन आल्या. मग थोडी शांतता, आणि मामांनी उठायला पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात त्यांना दिसलं की पाहुणे एकमेकांकडे बघतायत, उठावं की नाही कळत नाही त्यांना. मामा परत बसले. हनुवटीने त्यांना खूण केली. आधी तुम्ही. पाहुण्यांना थांबवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या रीतीनेच घात केला.

चोवीस जण पुढे गेले. टिरियनने नादकाटा मारला. पहिली ओळ सुरू झाली आणि ते मामांचं कॅरल होतं.

आमच्याकडे चर्चमध्ये कोणी मागे वळून बघत नाही. पण दीडशे माणसं एकदम कोणाकडे तरी बघायचं टाळतात तेव्हा ते कळतं. अंगावर येतं. मला मामांची फक्त मान दिसत होती. ती हलली नाही. इडवलची लाल झाली.

मी उठायला लागलो. मॅबलीने माझ्या कोटाचं टोक धरलं.

"सोड."

"काय करणार आहेस? गाणं अर्ध्यात तोडणार? बाबा आयुष्यभर तुझं तोंड बघणार नाहीत."

दुसरं कडवं. तिसरं कडवं. आणि वरचा आवाज उंच गेला, अर्धी पायरी घसरला, अडखळला, परत चढला. चोवीस माणसं, जांभळे मफलर, गंभीर चेहरे, आणि सगळी एका पायाने लंगडत जिना उतरतायत! फायलीत बघून बघून, मात्रा मोजून!

"अरे देवा," ब्रखान माझ्या कानात म्हणाला, "ही माझी टेप आहे."

त्याला हसू आलं होतं आणि तो रडतही होता, मला वाटतं. मला दोन्ही आलं नाही. मला तुमची काचेची इमारत दिसत होती आणि तिच्यात बसलेला कोणी तरी, स्वरलिपी उत्तम येणारा, आमच्या रेकॉर्डला कान लावून यंत्राची उचकी सुवाच्य अक्षरात लिहून घेणारा. तीन आवाज कुठून आले, कोणाचे आहेत, जिवंत आहेत का, हा प्रश्न त्या विद्वानाला पडला नाही. उचकी मात्र सुटली नाही त्याच्या कानातून.

ते गाऊन बसले. मग मामा उठले. इडवल आणि त्याचा भाऊ मागून गेले. तिघांनी दुसऱ्या फेरीसाठी राखलेलं कॅरल गायलं, लहान, सोपं, मुलांनाही येतं असं. मामांचा आवाज चांगला लागला. दीड महिन्याची साठवण होती ती. ती त्या गाण्यावर खर्च झाली.

दुसरी फेरी. शेतकऱ्याचं घर. दोघी बहिणी. जांभळे मफलर, दुसरं काही तरी गायले. मग मामांची पाळी, आणि त्या बाकावरून कोणी उठलं नाही.

मॅबली उठून, वाकून, त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. कुजबुजली, पण त्या शांततेत सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

"बाबा, जा. म्हणा तुमचं."

"झालंय ते."

"चुकीचं झालंय!"

"झालंय, मॅबली."

"कोण अडवणार आहे तुम्हाला? एक माणूस दाखवा इथे."

"मी."

"बाबा, गुरुवारी तुमचं..."

"बारा वर्षांपूर्वी, झालेलं कॅरल म्हणायला उठलेल्या माझ्या सख्ख्या भावाला मी याच जागी मान हलवून खाली बसवलंय. तेव्हा त्याचंही काही तरी होतंच. गप्प बस आता, लोक थांबलेत."

लोक थांबले होते. पूर्ण एक मिनिट कोणी उठलं नाही, ती पाळी तशीच रिकामी ठेवली. मग पुढच्या घरातली माणसं जड पायांनी उठली. तुमच्या अहवालात या संध्याकाळबद्दल 'सामुदायिक सहभाग उत्साहवर्धक' असं लिहिलेलं मी वाचलंय. ते मिनिट तुम्ही कुठल्या रकान्यात टाकलंत?

नंतर हॉलमध्ये जेवण. थंड हॅम, मुरवलेले कांदे, लोणी लावलेला बारा ब्रिथ नावाचा पाव, मोठ्या पिंपातला चहा. मामा भिंतीशी उभे होते, हातात मनुका घातलेल्या त्या पावाचा तुकडा. टिरियन ताट घेऊन हसत हसत आली.

"तुम्ही आम्हाला आधी जाऊ दिलंत, फार बरं वाटलं हो. मुद्दाम याच खोऱ्यातलं कॅरल शिकलो आम्ही. तीन महिने बसवलं. बरं झालं का?"

आसपासच्या लोकांनी कपांत तोंडं घातली. मॅबली म्हणाली, "बरं? बाई, तुम्हाला माहीत तरी..."

मामांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग टिरियनला म्हणाले, "खालचे आवाज चांगले आहेत तुमचे. तिसरं कडवं चुकलं."

"चुकलं? कागदात तर असंच आहे." तिने फायलीतून कागद काढला. वर तुमचं चिन्ह. खाली छापलेलं, 'परंपरागत. शाळा व गायकवृंदांना मुक्त वापरासाठी.' मामांनी खिशातून चष्मा काढला, कागद लांब धरला, जवळ धरला. मग त्यांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला कांदे खात असलेल्या ब्रखानकडे बोट दाखवलं.

"ते त्याच्या यंत्राचं दुखणं आहे. त्याला आवडलं म्हणून त्याने ठेवलं, त्याचं तो बघेल. तुमचे पाय धड आहेत ना? मग तुम्ही कशाला लंगडता?"

आणि त्यांनी तिथे, हातात बारा ब्रिथ घेऊन, ते कडवं गाऊन दाखवलं. एकच. शिकवताना गातात तसं, ओळ म्हणायची, थांबायचं, हाताने उतार दाखवायचा, पुन्हा म्हणायची. उंच जागेवर आवाज थोडा फाटला, तरी ते थांबले नाहीत, सरळ पायऱ्या उतरून खाली आले. हॉलमध्ये चहाचं पिंपसुद्धा आवाज करेनासं झालं होतं. माझा फोन माझ्या खिशात होता. मी, पत्र्याच्या गव्हाणीचं रेकॉर्डिंग करणारा माणूस, तो न काढता पुतळ्यासारखा उभा राहिलो.

"आता तुम्ही म्हणा," मामा म्हणाले.

टिरियनने म्हटलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आलं.

"हं. असं."

ती निघताना दारात इडवलने तिला सगळं सांगितलं. इडवलला गोड बोलता येत नाही. "बाई, ते गाणं त्याचं होतं, तुम्ही घेतलंत, आणि गुरुवारी त्याचा गळा कापणार आहेत," असं त्याने सांगितलं. ती बाहेर पायरीवर बसून रडली, तिचे जांभळे मफलर भोवती उभे राहिले. तिनेही तुम्हाला पत्र लिहिलं. मला प्रत पाठवली. तिलाही तुम्ही कळवलंत की पत्र मिळालं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. मामा बरे आहेत. गळ्याला भोक आहे, त्यावर रुमाल बांधतात, वहीवर लिहून बोलतात. कुत्र्याला शीळ घालता येत नाही, म्हणून टाळ्या वाजवतात. कुत्र्याला अजून त्याची सवय झालेली नाही.

आणि आता तुमचं आमंत्रण. जाड कागद. 'सजीव वारसा संग्रहा'चं उद्घाटन. काउल ओइरने वाजवावं. आणि 'कॅरलचे परंपरागत वाहक श्री. टेगिड यांनी ते स्वतःच्या आवाजात सादर करून कार्यक्रमाची शोभा वाढवावी.' ही ओळ लिहिणाऱ्या माणसाने माझी तीन पत्रं वाचली होती की नाही, याची दोन्ही उत्तरं सारखीच घाणेरडी आहेत.

आम्ही येणार नाही. ब्रखानने आमंत्रण संडासात लावायला मागितलं, मॅबलीने दिलं नाही, तिने ते मामांना दाखवलं. मला वाटलं मामा चिडतील. माझ्याकडे तुमच्यासाठी प्रश्नांची यादी तयार होती. माझ्या पत्रातली अट कोणी काढली? समासातली ओळ छापताना कोणाच्या हाताखाली झाकली गेली? 'नोंद घेतलीय' म्हणजे कुठे घेतलीय? हे करणाऱ्याचं डोकं मला हवं होतं, निदान त्याचं नाव.

मामांनी आमंत्रण वाचलं, उलटं करून मागची बाजूही बघितली, वही ओढली आणि लिहिलं, 'तिसरं कडवं त्यांनी नीट केलं का?'

मी म्हणालो, "नाही मामा. अजून तोच कागद वाटतायत. सगळ्या शाळांत गेलाय."

त्यांनी पेन इतक्या जोरात दाबलं की खालच्या तीन पानांवर उमटलं. 'मग पोरं सगळी लंगडी गाणार. विचार त्यांना.'

विचारतो. माझी यादी बाजूला ठेवतो, तिचा हिशेब आपण नंतर करू. मामांचा प्रश्न एकच आहे, आणि तो माणूस आता ते कडवं कोणाला गाऊन दाखवू शकत नाही, म्हणून तुम्हाला तो टाळता येणार नाही. तुम्ही छापलेलं तिसरं कडवं तुम्ही मागे घेऊन दुरुस्त करणार आहात की नाही? होय किंवा नाही लिहा. आमच्या भाषेत लिहा. खाली चिन्ह नको, एका माणसाचं नाव आणि सही हवी.

उत्तर द्या.